गुडघ्यावरचं मलम रक्तात किती उतरतं?

किमोचं दुसरं सायकल होऊन तीन दिवस झालेत. मळमळ ओसरली आहे, पण मांड्यांपासून घोट्यांपर्यंत पाय असे ठणकतायत की अंगावर चादरही नको वाटते. डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांनी ठळक लिहिलंय : विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी घेऊ नये. लेक कपाटातून जेलची ट्यूब काढते. “गोळी कुठे घेतेयस? हे तर वरून लावायचंय.” आई चष्मा लावून ट्यूब निरखते. “अगं, पण नाव तेच आहे की. गोळीच्या पाकिटावरचं.”

दोघींचंही बरोबर आहे, आणि पंचाईत तिथेच आहे. पाकिटावर डायक्लोफेनॅक, ट्यूबवरही डायक्लोफेनॅक. एकाला मनाई, मग दुसऱ्याला का नाही? आपल्याकडे बाम, मलम, जेल यांना कोणी औषधात धरतच नाही. ‘सध्या कोणती औषधं चालू आहेत?’ असं डॉक्टरांनी विचारलं, तर आपण बीपीची गोळी सांगू, थायरॉइडची सांगू. रोज रात्री पाठीला चोळतो त्या बामचं नाव तोंडावर येणार नाही. उलट बाजूला काही घरांत इतकी धास्ती असते की पेशंट कण्हत राहतो आणि साधं जेलही लावू देत नाहीत. हे दोन्ही टाळायचं, तर कातडीवर लावलेल्या औषधाचं पुढे काय होतं ते पाहायला हवं.

कौलांचं छप्पर

आपल्या त्वचेचा सगळ्यांत वरचा थर मृत पेशींचा असतो. जाडी अवघी १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही बरीच कमी. पण रचना कोकणातल्या कौलारू छपरासारखी. चपट्या पेशी कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या, आणि फटींमध्ये स्निग्ध पदार्थ भरलेले. पाऊस वरून वाहून जातो. आत शिरायचं असेल, तर फटीफटीतून, नागमोडी वाटेनं आणि तेही त्या स्निग्ध भरणात विरघळत जावं लागतं. म्हणून तेलात विरघळणारे, लहान रेणू आत जातात; मोठे बाहेर अडतात. साधारण ५०० डाल्टन या रेणुभारापुढच्या पदार्थांना ही वाट जवळजवळ बंद असते. डायक्लोफेनॅकचा रेणुभार २९६ च्या आसपास, बाममधल्या मिथाइल सॅलिसिलेटचा १५२. दोघेही सहज बसतात.

तरी आत जाणं म्हणजे रक्तात पोचणं नव्हे. जेलमधलं औषध त्वचेखालच्या उतींत आणि सांध्याभोवती मुरतं, थोडं तिथल्या केशवाहिन्यांतून वाहून जातं. किती थोडं? १ टक्क्याचं डायक्लोफेनॅक जेल एका गुडघ्याला दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी ४ ग्रॅम लावलं, तर शरीरभर फिरणारं औषध तोंडावाटे घेतलेल्या पूर्ण डोसच्या सुमारे ६ टक्के भरतं. लेकीच्या बाजूनं हा मोठा पुरावा आहे.

आता दोन्ही गुडघे आणि दोन्ही हात (हातांना गुडघ्याच्या निम्मं जेल) धरा, म्हणजे दिवसाला ४८ ग्रॅम. हाच आकडा २० टक्क्यांच्या घरात जातो. मलमाचा डोस मिलिग्रॅममध्ये लिहिलेला नसतो. तो असतो तळहाताच्या मापात : किती जागेवर आणि किती वेळा. ‘थोडंसं लावलं’ म्हणणारा माणूस कधी कधी आठवड्यात ट्यूब संपवतो.

जागाही महत्त्वाची. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन हे औषध शरीरावर निरनिराळ्या ठिकाणी लावून किती शोषलं जातं ते मोजलं होतं. हाताच्या कोपराखालच्या भागात शोषण १ धरलं, तर तळपायाला ०.१४, कपाळाला ६ आणि अंडकोशाच्या त्वचेला ४२. छप्पर एकच, पण कौलांची जाडी आणि फटी सगळीकडे सारख्या नाहीत. त्वचा सोललेली, भाजलेली किंवा पुरळ आलेली असेल, तर तिथे कौलं उडालेलीच असतात.

ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं

डायक्लोफेनॅक ओळखीचं झालं. पण आपल्याकडच्या औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कित्येक जेलमध्ये चार-चार गोष्टी एकत्र असतात : डायक्लोफेनॅक डायइथाइलअमाइन १.१६ टक्के (हे १ टक्का डायक्लोफेनॅक सोडियमच्या तोडीचं), जवसाचं तेल ३ टक्के, मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के, मेंथॉल ५ टक्के. ही यादी ट्यूबच्या मागे अशा आकारात छापतात की ती वाचायला बसणाऱ्याचेच डोळे दुखावेत. आईनं चष्मा लावून वाचलं, हे तिचं विशेष.

यातलं मिथाइल सॅलिसिलेट म्हणजे गंधपुरा तेलाचा, इंग्रजीत ज्याला विंटरग्रीन म्हणतात त्याचा, जवळजवळ पूर्ण ऐवज. बाम उघडल्यावर जो ‘दवाखान्यासारखा’ वास येतो तो याचा. रसायनशास्त्रात हे अ‍ॅस्पिरिनचं सख्खं भावंड. शुद्ध गंधपुरा तेलाचा एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, पोटात गेला तर त्यातलं सॅलिसिलेट ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक अ‍ॅस्पिरिन गोळ्यांइतकं भरतं. लहान मुलांना याची विषबाधा होते ती यामुळेच.

कातडीवाटे अर्थातच इतकं जात नाही. पण मिथाइल सॅलिसिलेट हे डायक्लोफेनॅकपेक्षा चपळ आहे, आणि ऊब मिळाली की आणखी. बाम चोळून अंगमेहनत केली किंवा गरम जागी बसलं, की रक्तात जाणारं प्रमाण वाढतं. आपल्याकडे तर बाम चोळायचा, वर शेकायची पिशवी ठेवायची आणि लोकरीचं कापड गुंडाळून झोपायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. डायक्लोफेनॅक जेलच्या बाबतीत मात्र आधी पंधरा मिनिटं शेकून मग जेल लावलं, तर शोषणात फरक आढळला नव्हता. एका मलमाचा नियम दुसऱ्याला लावता येत नाही, तो असा.

किडनीतले हमाल आणि पाटकरी

आता रक्तात पोचलेला हा ऐवज कॅन्सरच्या औषधाला कुठे गाठतो ते पाहू. सगळ्यांत चर्चेतली जोडी मेथोट्रेक्सेटची.

मेथोट्रेक्सेट शरीरातून बाहेर पडतं ते बहुतांश किडनीवाटे, मूळ रूपातच. काही भाग गाळणीतून गळतो. उरलेला, मार्केट यार्डातल्या हमालांनी पोती पाठीवर घ्यावीत तसा, किडनीच्या नलिकांमधली विशिष्ट प्रथिनं उचलून लघवीत टाकतात. सॅलिसिलेट आणि डायक्लोफेनॅकच्या कुळातली औषधंही याच हमालांच्या पाठीवर चढू पाहतात. हमाल ठरावीक, एकाचं पोतं उचललं, की दुसऱ्याचं यार्डातच पडून राहतं. पडून राहिलेलं मेथोट्रेक्सेट मग तोंडाच्या अस्तरावर, आतड्यांवर आणि अस्थिमज्जेवर काम करत राहतं. तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी घसरतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. किडनीत येणारा रक्ताचा पाट मोकळा ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ करतात. एरवी पाट दुथडी भरून वाहत असतो, या पाटकऱ्याची फारशी गरज पडत नाही. पण किमोनंतर उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी उतरलं, की सगळी भिस्त त्याच्यावर. डायक्लोफेनॅकच्या कुळातली वेदनाशामक औषधं नेमकं हे प्रोस्टाग्लँडिनच बनू देत नाहीत, कारण दुखणं आणि सूजही त्याच्यामुळेच असते. म्हणजे पाटकऱ्याला सुट्टी मिळते ती ऐन दुष्काळात. सिसप्लाटिनसारखं मुळातच किडनीला त्रासदायक औषध चालू असेल, तर हे अधिकच महाग पडतं. फुप्फुसाच्या कॅन्सरमधल्या पेमेट्रेक्सेडबाबतही अशीच सूचना आहे : किडनी थोडी कमजोर असेल, तर डोसच्या आधी दोन दिवस, त्या दिवशी आणि नंतर दोन दिवस आयब्युप्रोफेन ही दुखण्याची गोळी घ्यायची नाही.

पण मेथोट्रेक्सेट म्हणजे किती मेथोट्रेक्सेट? इथे फार गोंधळ होतो. संधिवातासाठी हेच औषध आठवड्यातून एकदा ७.५ ते २५ मिलिग्रॅम देतात. हाडाच्या कॅन्सरच्या, म्हणजे ऑस्टिओसार्कोमाच्या काही उपचारपद्धतींत ते शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे १२ ग्रॅम जातं. दीड चौरस मीटरच्या पोराला १८ ग्रॅम. हजारपटीच्या घरातला फरक. हा डोस देताना पेशंटला भरती ठेवतात, शिरेतून भरपूर पाणी आणि सोडा बायकार्ब देतात, ठरलेल्या वेळी ल्युकोव्होरिनचा उतारा देतात, रक्तातली पातळी मोजत राहतात. त्या दिवसांत हमालांच्या पाठीवर एक जादा पोतंही कोणाला नको असतं.

आणि योग पाहा. ऑस्टिओसार्कोमा होतो तो बहुधा दहा ते वीस वर्षांच्या मुलांना, आणि सगळ्यांत जास्त गुडघ्याच्या आसपास. म्हणजे ज्या मुलाच्या गुडघ्याला ‘खेळताना मार लागला असेल’ म्हणून घरचे महिनोन्‌महिने बाम चोळत आले, त्याच मुलाला हा डोस मिळणार असतो. बाम ही घराची सवय झालेली असते. वॉर्डातल्या लोखंडी कपाटातही ती डबी बरोबर पोचते.

आता याच्या उलट टोकाचं उदाहरण. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरसाठी एक स्वस्त, तोंडावाटे घ्यायचा उपचार तपासला : आठवड्यातून एकदा कमी डोसात मेथोट्रेक्सेट आणि रोज दोनदा सेलेकॉक्सिब. सेलेकॉक्सिब ही चक्क दुखण्याचीच गोळी, डायक्लोफेनॅकची चुलत बहीण. ४२२ रुग्णांच्या या चाचणीत शिरेतून सिसप्लाटिन घेणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान ६.१ महिने, तर या गोळ्या घेणाऱ्यांचं ७.५ महिने भरलं. २०२० मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये हे प्रसिद्ध झालं. ज्या दोन कुळांनी एकत्र येऊ नये म्हणतात, त्यांना इथे मुद्दाम एकत्र आणलंय, मात्र डोस मोजून आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. इंटरनेटवर दोन औषधांची नावं टाकून लाल त्रिकोण पाहिला, की लोक घाबरतात. त्या त्रिकोणात मात्रा लिहिलेली नसते.

प्लेटलेट कमी असताना

किमोनंतर प्लेटलेट उतरतात. एरवी दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असतात, त्या काही हजारांवर येऊ शकतात. अ‍ॅस्पिरिन उरल्यासुरल्या प्लेटलेटना त्यांच्या सात-दहा दिवसांच्या आयुष्यभरासाठी निकामी करतं. डायक्लोफेनॅकची गोळी ती अंगात असेपर्यंतच. जेलमधून पोचणाऱ्या चिमूटभरानं इतकं काही होत नाही. मिथाइल सॅलिसिलेटलाही अ‍ॅस्पिरिनसारखी प्लेटलेट कायमची बंद पाडायची कला नाही. मात्र वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर बामनंही आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) वाढल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. कॅपेसिटाबिन ही किमोची गोळी स्वतःच वॉरफरिनचा परिणाम वाढवते. तिघं एका घरात आले, तर आयएनआर लवकर तपासावा लागतो.

> चौकट : लावण्याआधी
>
> • ट्यूब पालथी करून घटक वाचा. ‘मिथाइल सॅलिसिलेट’, ‘विंटरग्रीन’, ‘गंधपुरा’ ही एकाच गोष्टीची नावं.
> • मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट, पेमेट्रेक्सेड, सिसप्लाटिन, वॉरफरिन यांपैकी काही चालू असेल, किंवा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचं माप) वाढलेलं असेल, तर जेलसुद्धा विचारून.
> • रेडिएशन चालू असलेल्या जागेवर, पुरळावर, सोललेल्या त्वचेवर नाही.
> • वर शेक नाही, प्लास्टिक किंवा घट्ट पट्टी गुंडाळणं नाही.
> • चिकटवायची पट्टी असेल, तर पुढचा भाग आधी वाचा.

पट्टी म्हणजे मलम नव्हे

दुखऱ्या पाठीवर लावायच्या, मेंथॉलचा वास येणाऱ्या पट्ट्या आपण पाहिलेल्या असतात. कॅन्सरच्या पेशंटला कधी कधी दिसायला तशीच, बिनवासाची पारदर्शक पट्टी मिळते : फेंटानिलची. लिडोकेनच्या पट्टीतलं औषध जेमतेम ३ टक्के रक्तात जातं. तिचं काम त्या जागेपुरतं. फेंटानिलच्या पट्टीला मात्र त्या जागेशी काही देणंघेणंच नाही. ती छातीवर लावली काय किंवा दंडावर, औषध कातडी ओलांडून रक्तात आणि तिथून मेंदूत जातं. ते मॉर्फिनच्या जातीचं आहे आणि त्याच्याहून सुमारे शंभरपट जोरकस. कंबर दुखते म्हणून घरच्या दुसऱ्या कोणी ती कमरेला चिकटवणं म्हणजे जिवाशी खेळ.

या पट्टीखाली कातडीत औषधाचा साठा तयार होतो. म्हणून पहिल्या पट्टीचा गुण यायला १२ ते २४ तास लागतात, आणि काढून टाकल्यावरही रक्तातली पातळी निम्मी व्हायला १७ तास किंवा जास्त. एक पट्टी ७२ तास चालते. ऊब मिळाली, की त्या साठ्यातून औषध धावत सुटतं. गरम पाण्याची पिशवी, शेगडी, इतकंच काय, ४० अंश सेल्सियसचा तापसुद्धा रक्तातली पातळी सुमारे एक-तृतीयांशानं वाढवू शकतो. किमोच्या पेशंटला ताप येणं नवलाचं नाही. तेव्हा तापात पेशंट जास्त पेंगुळलेला वाटला, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सोडून देऊ नये. श्वास मोजावेत आणि दवाखाना गाठावा.

कॅन्सरच्या औषधांशी फेंटानिलची गाठ पडते ती यकृतात. तिथे सीवायपी३ए४ नावाचं विकर (एन्झाइम) म्हणजे गावातली पिठाची गिरणी समजा. निम्म्या गावाचं दळण तिथेच येतं, फेंटानिलचंही. किमोच्या उलट्या थांबवणारं अ‍ॅप्रेपिटंट, बुरशीवरची इट्राकोनाझोलसारखी औषधं, कॅन्सरवरचं इमॅटिनिब ही मंडळी गिरणीची गती कमी करतात. फेंटानिलचं दळण साचतं, गुंगी वाढते. उलट प्रोस्टेट कॅन्सरवरचं एन्झालुटामाइड गिरणीला आणखी दोन जाती बसवतं. दळण भराभर संपतं, पट्टी चालू असूनही दुखणं डोकं वर काढतं, आणि पेशंट ‘सवय झाली’ म्हणून बोल खातो. जेलच्या बाबतीत यकृतातली ही गर्दी जवळजवळ नगण्य. पट्टीच्या बाबतीत ती रोजच्या हिशेबाची बाब आहे.

वापरलेली पट्टीही रिकामी नसते. बरंच औषध तिच्यात शिल्लक असतं. चिकट बाजू आत घेऊन घडी घालायची आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा तऱ्हेनं, रुग्णालयानं सांगितल्याप्रमाणे, विल्हेवाट लावायची.

त्वचाच भांडणात असते तेव्हा

आतापर्यंत कातडी म्हणजे नुसता रस्ता होता. पण कॅन्सरची काही औषधं कातडीलाच धरतात. सेटुक्सिमॅब, अर्लोटिनिब यांनी तोंडावर-छातीवर मुरमांसारखं पुरळ येतं. त्यावर बाम चोळणं म्हणजे जखमेवर मिरची. ऑक्झालिप्लाटिननंतर थंड पाण्याला हात लागला तरी बोटांना झिणझिण्या येतात. मेंथॉलचा गारवा खरा नसतो. थंडी ओळखणारे मज्जातंतूंवरचे दरवाजे ते खोटं ठोठावतं. त्या दरवाज्यांच्या आणि तिखटानं उघडणाऱ्या दरवाज्यांच्या शोधाबद्दलच डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. म्हणून ऑक्झालिप्लाटिनच्या दिवसांत मेंथॉलचा बाम लावून हात चरचरले, तर चूक बामच्या कंपनीची नव्हे.

आणि आता आईच्या शंकेला सगळ्यांत वेगळं उत्तर देणारी गोष्ट. कॅपेसिटाबिन घेणाऱ्या अनेकांचे तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, चपातीचा घास तोडता येत नाही. याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात, आणि त्यापायी औषधाचा डोस कमी करावा लागतो. ही सूज ज्या रासायनिक वाटेनं येते, तीच डायक्लोफेनॅक अडवतं. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी स्तनाच्या आणि पचनसंस्थेच्या कॅन्सरच्या २६४ रुग्णांना दोन गटांत विभागलं. एका गटाला १ टक्का डायक्लोफेनॅक जेल, दुसऱ्याला तसंच दिसणारं बिनऔषधी जेल. बोटाच्या एका पेराएवढं, हातांना आतून-बाहेरून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. साध्या जेलच्या गटात १५ टक्के लोकांना मध्यम ते तीव्र त्रास झाला. डायक्लोफेनॅकच्या गटात ३.८ टक्क्यांना. डोस कमी करावा लागलेले अनुक्रमे १३.५ आणि ३.८ टक्के. २०२४ मध्ये जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीत हे छापून आलं. सेलेकॉक्सिबची गोळीही हा त्रास कमी करते, पण तिच्यामागे हृदयाची काळजी येते. जेलमधलं औषध रक्तात कमी उतरतं, हा इथे सगळ्यांत मोठा फायदा ठरला.

मग त्या आईचं काय?

समजा, तिला पॅक्लिटॅक्सेल चालू आहे. लक्षणं त्याचीच वाटतात : सलाइन लागल्यावर दोन-तीन दिवसांनी पाय ठणकू लागतात आणि आठवडाभरात ओसरतात. पॅक्लिटॅक्सेल यकृतावाटे निघतं, त्यामुळे किडनीतल्या हमालांवरून भांडण नाही. क्रिएटिनिन ठीक आहे, प्लेटलेट ठीक आहेत, वॉरफरिन नाही. जेलला अडसर फारसा नाही. अडचण निराळीच आहे : हे दुखणं एका सांध्याचं नसून अख्ख्या पायांचं आहे, आणि कंबरेखाली सगळीकडे जेल फासायचं तर आपण पुन्हा त्या ४८ ग्रॅमच्या गणितात जातो. शिवाय इतक्या खोल ठणक्याला ते पोचतही नाही.

अशा वेळी फोन केला, तर डॉक्टर बहुधा पॅरासिटामॉल सांगतील, आणि त्याआधी एक प्रश्न विचारतील : ताप मोजला का? किमोनंतर सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात, तेव्हा तापच संसर्गाची एकमेव खूण असू शकते, आणि पॅरासिटामॉल ती पुसून टाकतं. १००.४ फॅरनहाइट किंवा वर असेल, तर गोळी न घेता थेट रुग्णालय.

थर्मामीटर ९८.२ दाखवतं. गोळी घेतली जाते. लेक ट्यूब परत कपाटात ठेवायला निघते, तेवढ्यात आई म्हणते, “थांब, उजव्या गुडघ्याला तेवढं लाव. तो काही किमोनं दुखत नाहीये, तो दहा वर्षांपासूनचा आहे.”